चाकाची तहान

छत्तीस वर्षं मी सरकारी नोकरी केली. तेवढ्या काळात मी काळे केलेले कागद एकावर एक रचले तर माझ्या उंचीचा ढीग सहज होईल. माझी उंची पाहता यात ढिगाचं कौतुक काही नाही. त्या सगळ्या ढिगातला एकच कागद मला आजही तोंडपाठ आहे. तो असा:

"पिण्याकरिता आणलेल्या पाण्याने आपण सरकारी ट्रेलरची चाके धुतल्याचे निदर्शनास आले आहे. त्याबद्दल आपणावर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा."

खाली माझी सही आणि सहीखाली दोन रेघा. ही दोन रेघांची सवय मला वडिलांकडून लागली. ते अमरावतीला वकील होते आणि त्यांच्या सहीला दोन रेघा शोभायच्या. मी तेवीस वर्षांचा होतो, मिशी नीट फुटली नव्हती, आणि वकिली झेपणार नाही असं घरात एकमताने ठरल्यामुळे ओव्हरसियर झालो होतो.

खुलाशाला तीन दिवस लागले नाहीत. अर्ध्या तासात माझाच मेमो परत आला. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने मोठ्या, एकेक करून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: "चाकाला तहान लागली होती. तायडे मिस्त्री."

मी तेव्हा अकोला-अकोट रस्त्यावरच्या आमच्या खात्याच्या डेपोवर होतो. खात्याचं नाव सांगत नाही. खात्यानेही माझं नाव कुठं सांगितलेलं नाही. वऱ्हाड नुकतंच नागपूरकडून मुंबई राज्यात गेलं होतं. डेपो म्हणजे तारेचं कुंपण, टिनाची शेड, डांबराची पिंपं, दोन लॉऱ्या, एक रोडरोलर आणि एक विहीर. विहिरीचं पाणी खारं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना कित्येक मैल हे असंच आहे. वर काळीभोर जमीन, कापूस-ज्वारी डोलतेय, आणि खाली खारट पाणी. त्या मुलखाला लोक खारपाणपट्टाच म्हणतात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहा नासतो. पिण्याचं गोडं पाणी आम्हाला आठवड्यातून दोनदा अकोल्याहून लॉरीवर टाकी ठेवून यायचं.

मी रुजू झालो त्या दिवशी कुणाला न विचारता विहिरीचं पाणी तांब्याभर प्यालो आणि पुढचे दोन दिवस डेपोमागच्या बाभळींत काढले. त्यातून मला जी अक्कल आली ती एका ओळीची होती: खारं पाणी धुण्याला, गोडं पाणी पिण्याला. हे तिथल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. पण मी ते पोटावर घेऊन शिकलो होतो, त्यामुळे मला ते वेदवाक्य वाटायचं.

मुंबई राज्याने नव्या सुनेची ओटी भरावी तशी एक होडी आमच्या ओटीत घातली. पूर्णेला पूर आला की काठची गावं तुटतात, त्यांच्यासाठी ही होडी. वर्षानुवर्षं ती कोकणातल्या कुठल्याशा बंदरात समुद्रात उतरत होती. तिच्याखाली लढाईच्या काळातला दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर होता. रेल्वेने ती अकोल्याच्या मालधक्क्यावर आली आणि तिथेच बसली. चाकं फिरेनात. लॉरीला बांधून ओढली तर चाकं न फिरता नुसती फरफटत आली आणि धक्क्यावर दोन काळ्या रेघा उमटल्या. मी कागद घेऊन शेजारी उभा होतो. त्यावर "सुस्थितीत मिळाली" असं लिहून मी आधीच सही ठोकली होती.

तेव्हा लॉरीतून एक ठेंगणा, सावळा, चाळिशीचा माणूस उतरला. अंगात खाकी शर्ट, खाली पलटणीतली ढगळ अर्धी चड्डी, खिशात घडी केलेला पॉलिश पेपर. हेच आमचे तायडे मिस्त्री. ते चाकाशी उकिडवे बसले, कडेच्या फटीत बोट घातलं आणि बोटाला लागलेला गंज सरळ जिभेला लावला.

"खारं हाय," ते थुंकून म्हणाले. "समिंदराचं."

मी हसलो. मी समुद्र फक्त नकाशात पाहिला होता, पण तो अकोल्यापासून साडेतीनशे मैल आहे एवढं मला माहीत होतं. मी ते मिस्त्रींना सांगितलं.

"समिंदर दूर हाय साहेब," मिस्त्री म्हणाले, "मीठ यात बसून आलं ना. त्याले काय तिकीट लागते?"

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी इंजिनियरिंगच्या शाळेत ऐकलं असणार, पण समजलं तेव्हा. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो. ब्रेक ओढला की त्याच्या आतल्या दोन कमानी फाकतात आणि ड्रमला घट्ट दाबून धरतात. ट्रेलर समुद्रातून निघाला, आत खारं पाणी राहिलं, कुणीतरी तसाच उभा करून वर हँडब्रेक ओढून ठेवला, की गंज कमानी आणि ड्रम एकमेकांना चिकटवून टाकतो. मग वरून ब्रेक सोडला तरी आतला सुटत नाही.

मिस्त्रींनी दुपारपर्यंत तिथेच उन्हात बसून दोन्ही चाकं सोडवली. ड्रमच्या कडेने रॉकेल सोडायचं, लाकडाचा ठोकळा धरून गोल गोल हातोडी मारायची, थांबायचं, पुन्हा मारायची. घाई नाही. ड्रम निघाला तेव्हा आतून तांबडी माती पडावी तसा गंज पडला. मी विचारलं, "असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?"

"तीन गोष्टी," मिस्त्री म्हणाले. "पाण्यातून निंघाला का गोड्या पाण्यानं आतून धुवाचा. मंग ब्रेक दाबत दाबत थोडा चालवाचा, म्हंजे आतून सुकते. आन् उभा केला का हँडब्रेक ओढाचा नाई. चाकाखाली गोटा लावाचा." मग हात पुसत म्हणाले, "मीठ झोपत नाई साहेब. तुमी झोपता, मी झोपतो. थे नाई झोपत."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. ती वही पुढे कुठं गेली कोण जाणे.

मिस्त्रींची जीभ डेपोत प्रसिद्ध होती. ते कुठलंही पाणी आधी जिभेच्या टोकावर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मग प्यायचे. एकदा रस्ताकामाच्या गँगमधल्या लोकांनी गंमत म्हणून आसपासच्या तीन गावांच्या विहिरींचं पाणी तीन तांब्यांत आणून पुढ्यात ठेवलं. मिस्त्रींनी तीनही गावं सांगितली, आणि तिसऱ्या तांब्यापाशी म्हणाले, "ही पायऱ्याची विहीर हाय. शेवाळ लागून राहिलं जिभेले." मग मी मोठ्या ऐटीत चौथा तांब्या ठेवला. त्यांनी चव घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तुमच्या हात धुवाच्या बादलीतलं हाय साहेब. साबन हाय याच्यात." सगळी गँग हसली. मी सुद्धा हसलो, दोन मिनिटांनी.

रोज सकाळी चहाच्या आधी ते डेपोतल्या प्रत्येक उभ्या गाडीचं चाक हाताने थोडं फिरवायचे. ट्रेलर तर त्यांनी लाकडी ओंडक्यांवर उचलूनच ठेवला होता, म्हणजे चाकं मोकळी फिरावीत. लोक देवाला हात जोडतात त्या वेळेला मिस्त्री चाकाला हात लावत. "माणसाले आन् चाकाले रोज हालवलं पायजे," असं म्हणून ते माझ्या खोलीकडे बघायचे. मी त्या वेळेला खाटेवर असायचो.

लढाईत ते बरम्याच्या किनाऱ्यावर मोटारदुरुस्तीच्या तुकडीत होते. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. बोटींतून गाड्या समुद्रात उतरायच्या आणि लाटांतून वाळूवर यायच्या. त्यांचा गोरा सार्जंट गाडी बाहेर आली की पहिलं गोडं पाणी चाकांना घालायला लावी, माणसांना मागून.

"आमी तहानेनं मरून राहिलो आन् हा लेकाचा चाकाले पाणी पाजते! म्या मनात लय शिव्या देल्या त्याले. मंग एक दिवस अचानक वापस निघाचा हुकूम आला. ज्याईनं चाकं धुतले नव्हते, त्याईच्या गाड्या वाळूतच राह्यल्या." मिस्त्रींनी पॉलिश पेपरची घडी उलगडली, पुन्हा घातली. "मानसंबी राह्यले."

मी पुढे काही विचारलं नाही. माझ्या हातून घडलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींत ही धरायला हरकत नाही.

आता त्या मेमोकडे येतो. महिन्यातून एकदा होडी पूर्णेच्या डोहात उतरवून तालीम करायचा हुकूम होता. उन्हाळ्यात डोहाचं पाणी आटून तेही मचूळ होतं. म्हणून प्रत्येक तालमीनंतर मिस्त्री टाकीतल्या गोड्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन ट्रेलरची चाकं आतून धुवायचे. वैशाखात एक दिवस आमचा स्टोअरकीपर माझ्याकडे आला. बारीक आवाजात म्हणाला, "साहेब, तो तायडे टाकीले हात लावून राहिला."

"कशाला?" मी विचारलं.

तो जरा थांबला. मग म्हणाला, "चाकं धुवाले."

त्या जरा थांबण्यात सगळं होतं. मिस्त्री नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आल्याला वर्षही झालं नव्हतं. त्याआधी त्यांच्या मडक्यात दुसरं कुणीतरी वरून पाणी ओतायचं. परत आल्यापासून ते टाकीची तोटी स्वतःच्या हाताने उघडत होते. तक्रार चाकांची नव्हती, त्या हाताची होती. हे मला दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. डोळे होते मला, चष्माही होता. पण त्या भानगडीत पडायचं धैर्य नव्हतं, आणि हातात एक बिनधोक नियम सापडला: गोडं पाणी पिण्याला. मी तो मेमो लिहिला. स्टोअरकीपर खूश झाला. मी निःपक्षपातीपणे वागलो, असं स्वतःला सांगून मीही खूश झालो.

आलेल्या खुलाशावर मी "असमाधानकारक" असा शेरा मारून तो वर अमरावतीला पाठवून दिला. मिस्त्री नोकरीत अजून कायम झालेले नव्हते. असा एक कागद फाइलीत बसला तर त्यांचं कायम होणं अडेल, हे मला माहीत होतं. तरी पाठवला. वयाला क्षमा असते म्हणतात. मी ती अजून मागितलेली नाही.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. "हुकूम हाय तं हुकूम. सरकारी पाणी नाई घेत," एवढंच म्हणाले. पुढच्या तालमीनंतर मी पाहिलं तर ते स्वतःचं मडकं घेऊन ट्रेलरपाशी बसले होते. प्रत्येक माणसाला टाकीतून एक मडकं पाणी वाटून मिळायचं. त्यातलं अर्धं ते डबड्याने चाकात सोडत होते.

"हे काय मिस्त्री?" मी म्हटलं.

"हे माह्या वाट्याचं हाय," ते वर न पाहता म्हणाले. "मी पेलो तरी माह्यंच, चाक पेलं तरी माह्यंच. याच्यावर मेमो हाय का?"

मी वकिलाचा मुलगा. मनातल्या मनात सगळे नियम चाळले. नव्हता. त्या वैशाखात मिस्त्रींचे ओठ फुटलेले असायचे. ते पाहून मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी दुसरीकडे पाहायचो. दुसरीकडे पाहण्यात माझा हात कुणी धरला नसता.

पावसाळा सुरू झाला आणि मिस्त्री आठ दिवसांची रजा घेऊन अंजनगाव सुर्जीला मुलीकडे गेले. तिला पहिलं मूल झालं होतं. जाताना मला दोनदा सांगून गेले, "ट्रेलरले हात लावू नका साहेब. तसाच राहू द्या ओंडक्यावर." आणि नेमकं तिसऱ्या दिवशी पत्र आलं: मोठे साहेब पूरव्यवस्थेची पाहणी करायला येणार.

मी अंगात वारं आल्यासारखा कामाला लागलो. ट्रेलर ओंडक्यांवर उभा बरा दिसत नव्हता, म्हणून खाली उतरवला. चिखल होता, म्हणून विहिरीच्या खाऱ्या पाण्याच्या वीस-पंचवीस बादल्या मारून लखलखीत धुऊन काढला. धुण्याला खारं पाणी, हे माझं तत्त्व. चाकांवर पांढरा रंग मारला आणि तो खराब होऊ नये म्हणून ट्रेलर जागचा हलवला नाही. आणि उभ्या वाहनाचा हँडब्रेक ओढलेला असावा असं पुस्तकात होतं, म्हणून तो स्वतःच्या हाताने, दोन्ही हातांनी, कचकचून ओढला. मिस्त्रींनी चाकांसाठी शेजारी ठेवलेले दोन गोटे बेशिस्त दिसत होते, ते कुंपणापलीकडे फेकले. म्हणजे मिस्त्रींनी सांगितलेल्या तीनही गोष्टी मी एका दिवसात उलट्या करून दाखवल्या. साहेब आले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "छान. नीटनेटकं आहे." मी त्या रात्री शांत झोपलो. मीठ झोपलं नाही.

पावसाने उघडीप दिली, कडक ऊन पडलं. मग साहेब येऊन गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी, आमच्याकडे आभाळ निरभ्र असताना, वर मेळघाटच्या डोंगरात कोसळलेलं पाणी पूर्णेतून खाली आलं. काठावरची एक वस्ती चारी बाजूंनी वेढली गेली. तिथला एक जण पोहत येऊन डेपोवर पोचला. शाळेच्या ओट्यावर माणसं चढून बसली आहेत आणि पाणी दुसऱ्या पायरीला लागलंय, एवढं सांगून तो जमिनीवरच बसला.

लॉरी जोडली. मी हँडब्रेक सोडला. लॉरीने ओढलं आणि ट्रेलर दोन रेघा काढत फरफटला. होडी अशी फरफटत तीन मैल न्यायची तर ट्रेलर वाटेतच मोडणार. उचलून न्यायला ती होडी काही पाटी नव्हती. मी हँडब्रेक पुन्हा ओढला, पुन्हा सोडला, शेवटी त्याला लाथ मारली. लागली मलाच.

त्याच वेळी अकोटकडच्या सर्व्हिस मोटारीतून मिस्त्री उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलीकडून आणलेली लाडवांची पुरचुंडी. त्यांनी रंगवलेली चाकं पाहिली, ओढलेला ब्रेक पाहिला, फटीत बोट घालून जिभेला लावलं. मला वाटलं, आता हा माणूस जे बोलेल ते मला जन्मभर पुरेल.

"आपल्या विहिरीचं हाय," ते म्हणाले. पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि ट्रेलरखाली गेले.

मी दीड तास ती लाडवांची पुरचुंडी धरून उभा होतो. ठेवायचं सुचलं नाही. ठोकळ्यावर हातोडी, रॉकेल, पुन्हा हातोडी. ड्रम निघाले ते कमानींवरचे पट्टे उखडूनच. मिस्त्रींनी दोन्ही चाकांतला तो सगळा कबाडा काढून बाजूला फेकला, नुसती चाकं बसवली आणि हात पुसले.

"चाकं फिरतीन आता," ते म्हणाले. "पन ब्रेक नाई."

"मग उतारावर?"

"उतारावर तुमी," मिस्त्री म्हणाले. "ते दोन गोटे कुठी हायत माहे?"

मी कुंपणापलीकडे बाभळीच्या काट्यांतून ते गोटे शोधून आणले. पूर्णेच्या घाटापर्यंत लॉरीने नेलं. पुढे निसरड्या उतारावर लॉरी जाणार नव्हती. तिथून दोर मागे धरून पंधरा जण ट्रेलर हळूहळू खाली सोडत होते आणि मी चाकाशेजारून वाकून चालत होतो. मिस्त्री "लाव!" म्हणाले की मी चाकाखाली गोटा सारायचा, "काढ!" म्हणाले की काढायचा. साहेब वगैरे त्या वेळी ते विसरले होते आणि मलाही त्याची आठवण नव्हती. दोनदा पडलो. चष्मा चिखलात गेला. मग दोर सुटला आणि होडी अंगावर येते की काय असं झालं, तेव्हा मी गोटा लावला आणि गोट्याला पाठ लावून बसलो. ट्रेलर थांबला. माझ्या आयुष्यात मी खात्याच्या खरोखर उपयोगी पडलो तो तेवढाच वेळ, आणि तोही ब्रेक म्हणून.

होडी पाण्यात गेली. तीन खेपांत सगळी माणसं, दोन शेळ्या आणि एक शिवणयंत्र बाहेर आलं. शेवटच्या खेपेत एक म्हातारी होती. चारी बाजूंनी पाणी, पण प्यायला थेंब नाही, अशी सकाळपासून बसलेली. मिस्त्रींनी चाकं धुवायला म्हणून आपलं मडकं लॉरीत टाकून आणलं होतं. ते त्यांनी सगळं तिच्यापुढे ठेवलं. "पेय माय," म्हणाले.

तेवढ्यात आमच्याकडेही पाऊस सुरू झाला, आणि सुरू झाला तो धो धो. मिस्त्रींनी रिकामं मडकं ट्रेलरवर पावसात ठेवलं, तोंड वर करून जीभ बाहेर काढली आणि चव घेतली.

"गोडं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच, खो खो हसले. "आता तं आभाळच चाकं धुऊन राहिलं साहेब. मेमो कोनाले देता?"

मला रडू आलं. पाऊस असल्यामुळे ते खपून गेलं.

महिन्याभराने वरून पत्र आलं. पुराच्या प्रसंगी दाखवलेल्या तत्परतेबद्दल ओव्हरसियरचं, म्हणजे माझं, अभिनंदन. मिस्त्रींचं नाव त्यात नव्हतं. त्यांचं नाव वर ठाऊक होतं ते माझ्या मेमोमुळे. ब्रेक मी ओढला होता, असं लिहून पाठवायचं मी ठरवलं. एकदा लिहिलंही. मग ते चांगल्या भाषेत लिहावं म्हणून ठेवून दिलं आणि ती चांगली भाषा सुचेपर्यंत माझी अमरावतीला बढतीवर बदली झाली.

पुढची सहा-सात वर्षं मी अमरावतीच्या कचेरीत काढली. लग्न झालं, पोट सुटलं, सायकल घेतली. चौसष्टच्या सुमाराला एक दिवस हेडक्लार्कने माझ्या टेबलावर एक फाइल आणून ठेवली. "अकोल्याकडचा कुणी तायडे मिस्त्री आहे. कायम करायचं प्रकरण दोनदा अडकलंय. तुमचा मेमो आहे आत. तुमचा अभिप्राय पाहिजे."

फाइल उघडली तर माझ्या दोन रेघा. पाठीवर पेन्सिलीची अक्षरं पुसट झालेली: चाकाला तहान लागली होती.

मी त्या दिवशी जेवायच्या सुट्टीतही उठलो नाही. लिहायला बसलो आणि चांगली भाषा येण्याची वाट पाहिली नाही. चाकं गोड्या पाण्याने धुणं बरोबर होतं. मेमो चुकीचा होता, आणि तक्रार मुळात कशाची होती हे मला तेव्हाही कळलं होतं. ट्रेलर खाऱ्या पाण्याने धुण्याचा हुकूम माझा. हँडब्रेक ओढणारा हात माझा. होडी पाण्यात गेली ती या माणसामुळे. सही केली. रेघा मारल्या नाहीत.

मग मी मिस्त्रींना पोस्टकार्ड टाकलं आणि ते पुढच्या रविवारी अमरावतीला माझ्या घरी आले. केस पांढरे, चड्डीच्या जागी पायजमा, खिशात पॉलिश पेपर तोच. मी त्यांना कागदाची नक्कल वाचून दाखवली. म्हटलं, "मिस्त्री, हेडक्लार्क माझ्या ओळखीचा आहे. तो जुना मेमो फाइलीतून काढूनच टाकतो."

"कावून?" मिस्त्री म्हणाले. "राहू द्या ना तो. त्याच्यावर तुमचा हा लावा. नुसता काढून टाकला तं कोनाले समजन का इथी खारं पाणी बसलं होतं? धुतलं हे दिसलं पायजे."

बायकोने पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी जिभेच्या टोकावर घेतलं, डोळे मिटले. "वडाळीच्या तलावाचं हाय," म्हणाले, आणि सगळं पिऊन टाकलं. बायको थक्क झाली. मी असा काही तोरा मिरवला की जणू हे मीच त्यांना शिकवलं होतं.

निघताना ओसरीबाहेर माझी सायकल भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्री थांबले. ब्रेक दाबून पाहिला. दाबला तो दाबलेलाच राहिला. पुढचं चाक हाताने फिरवून पाहिलं, ते कुरकुरत अर्ध्यावर अडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अमरावतीच्या बाजाराकडे पाहिलं.

"बाई, जरा पाणी आना ना," ते म्हणाले.

बायकोने घाईत हाताला लागला तो मोठा तांब्या भरून आणला. उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी जेमतेम तासभर यायचं, आणि तो तांब्या होता माठातला. मिस्त्रींनी तो चाकावर तिरपा केला आणि माझ्या तोंडून गेलंच, "अहो मिस्त्री, ते पिण्याचं—"

तांब्या हवेत थांबला. मिस्त्री थेंबही न सांडता तसेच थांबले, मान वर करून, टेबलापुढे सहीसाठी उभा राहिलेला माणूस थांबतो तसे. डोळ्यांत हसू होतं.

"मंजूर हाय का साहेब?"

"मंजूर," मी म्हटलं. कागद नाही, शेरा नाही. छत्तीस वर्षांत मी तोंडी दिलेली ती एकच मंजुरी.

त्यांनी सावकाश सगळं पाणी ओतलं, ब्रेकचा रबर पॉलिश पेपरने घासला, चाक फिरवलं. रिकामा तांब्या बायकोच्या हातात दिला. "रोज फिरवत जा," असं मला म्हणाले आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागले. ते कोपऱ्यावरून वळले तेव्हा चाक फिरतच होतं. ते थांबेपर्यंत मी तिथे उभा राहिलो.